ऐकीव अमेरिका



'परदेशी लोकांना अमेरिकन माणूस कसा दिसतो' या विषयावर बोलाल का, असं मला विचारण्यात आलं, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की बाबांनो, मी अमेरिकेला गेलेलो नाही. पासपोर्ट आहे, पण तो एकदाच वापरला, अम्माला उमऱ्याला नेलं होतं तेव्हा. त्यावर समोरून उत्तर आलं, "म्हणूनच बोला. जाऊन आलेले खूप बोलतात."

म्हटलं, हे बरं आहे. न गेलेल्यांचा प्रतिनिधी म्हणून बोलायचं तर माझ्यामागे मोठा समाज उभा आहे. मी कांजूरमार्गला राहतो. आमच्याकडे केस कापायला बसा, रिक्षात बसा, नाहीतर स्टेशनबाहेर चहा प्यायला थांबा, अमेरिकेबद्दल ठाम मत नसलेला माणूस भेटणार नाही. तिकडे म्हातारे आईबाप म्हणजे अडगळ. तिकडे कायदा म्हणजे कायदा. तिकडे पैशाशिवाय कोणी कोणाशी बोलत नाही. तिकडे रस्त्यावर कागद टाकून दाखवा. बेल्जियमबद्दल किंवा ब्राझीलबद्दल असं कोणी काही सांगत नाही. अमेरिकेबद्दल मात्र सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. मग मला प्रश्न पडला, हे सगळं आपल्याला कळलं कुठून?

माझ्यापुरतं सांगायचं तर अमेरिका आमच्या घरात पहिल्यांदा आली ती पोत्यातून. १९७२ चा दुष्काळ. आम्ही तेव्हा बार्शी तालुक्यात होतो. मी दोन वर्षांचा, त्यामुळे मला काही आठवत नाही, पण अम्माला सगळं आठवायचं. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि रेशनवर मिलो मिळायची. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. माझ्या वयाच्या आणि त्याहून मोठ्या श्रोत्यांना तिचं नाव ऐकूनच तोंडात चव आली असेल. भाकरी लालसर व्हायची, थापताना तुटायची, आणि निवायला ठेवली की वातड. गावात कोणीतरी बातमी आणली होती की तिकडे ही ज्वारी जनावरांना घालतात. बातमी काही खोटी नव्हती. अम्मा भाकरी थापायची आणि म्हणायची, "दिलं त्यांनी, नाही म्हणत नाही. पण माणसं खाणारेत म्हणून दिलं नाही." हे धान्य दान म्हणून आलं होतं की आपल्या सरकारनं पैसे मोजून घेतलं होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी आणणारा अमेरिकन होता आणि खाणारी ती होती.

त्याच्या आधी गहू आला होता. १९५४ साली अमेरिकेनं 'पीएल ४८०' नावाचा कायदा केला. त्यांच्याकडे जास्तीचं पिकलेलं धान्य आपल्याला रुपयात विकत मिळू लागलं. १९६५ आणि ६६ च्या दुष्काळात तर आपण त्या जहाजांकडे डोळे लावून बसलो होतो. तेव्हाचे त्यांचे अध्यक्ष जॉन्सन गहू एकदम सोडत नसत, थोडा थोडा, हप्त्याहप्त्यानं सोडत. शेतीचं धोरण बदला म्हणून दबाव होता, आणि व्हिएतनामच्या युद्धावर भारत टीका करतो याचाही राग होता. पोट त्यांच्या हाती आणि तोंड आपलं. अशा वेळी देणाऱ्याबद्दल माणसाला नक्की काय वाटतं, हे शब्दात पकडणं कठीण आहे. कृतज्ञता असते, आणि तिच्याच खाली एक कुसळ असतं.

कुसळावरून आठवलं. कांजूर आणि भांडुपच्या मध्ये रुळांच्या कडेला पावसाळ्यात पांढऱ्या बारीक फुलांचं गवत माजतं. आपण त्याला गाजर गवत म्हणतो किंवा काँग्रेस गवत. मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते पुण्यात १९५५-५६ च्या सुमाराला प्रथम नोंदलं गेलं, आणि अमेरिकन गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सांगितलं जातं. अंगाला लागलं की खाज सुटते. गहू खाऊन संपला, गवत राहिलं. बिचाऱ्या काँग्रेसच्या नावावर ते उगाच चढलं.

माझे वडील नंतर मुंबईला आले, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात लागले, आणि आम्ही कांजूरला राहायला आलो. इथे हवा निराळी होती. कामगारांच्या वस्तीत प्रेम होतं ते रशियावर. 'सोव्हिएत देश' नावाचं गुळगुळीत कागदाचं नियतकालिक मराठीत निघायचं. ते कोणी वाचायचं की नाही ठाऊक नाही, पण आमच्या वर्गातल्या निम्म्या वह्यांना त्याचीच कव्हरं होती. घाटकोपरच्या चिराग नगरात राहणारे अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. म्हणजे कामगाराच्या मुंबईला रशिया आपल्या माणसाच्या तोंडून कळला. अमेरिका कळली ती इंग्रजी सिनेमातून आणि पोत्यातून.

पण गंमत पाहा. आमच्या स्टेशनावर उतरून ज्या आय.आय.टी.ला जातात, ती पवईची संस्था १९५८ साली सुरू झाली ती रशियाच्याच मदतीनं, युनेस्कोमार्फत. यंत्रं तिकडची, काही तज्ज्ञ तिकडचे. आणि तिथे शिकलेली हुशार मुलं पुढे गेली कुठे? मॉस्कोला नाही. पाठीवर बॅग लावून कांजूरच्या जिन्यावरून धावणारी ती मुलं आम्ही पाहायचो, आणि काही वर्षांनी कोणीतरी सांगायचं, तो चष्मेवाला कॅलिफोर्नियात आहे. वडील म्हणायचे, "रशियाने पढाया, अमरीका ले गया."

हे झालं माझ्या घरचं. पण मराठी माणसाची अमेरिकेशी ओळख याहून खूप जुनी आहे. १८३० च्या दशकात बोस्टनहून जहाजात भरून आणलेला बर्फ मुंबईत विकला जायचा. त्याच्याही आधी, १८१३ साली, अमेरिकन मिशनचे पाद्री मुंबईत उतरले होते. मराठी माणसानं पाहिलेला पहिला अमेरिकन बहुधा पाद्री असावा किंवा शाळेतली बाई. नगरला त्यांच्या शाळा निघाल्या, छापखाना निघाला, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाला. धर्म बदलायला आलेले म्हणून लोकांनी त्यांना शिव्याही दिल्या आणि मुलींना शिकायला त्यांच्याकडे पाठवलंही.

मला यात सर्वांत नवल वाटतं ते जोतीराव फुल्यांचं. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना. तिथल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी ज्यांनी स्वतःचा स्वार्थ बाजूला ठेवून झीज सोसली, त्या सज्जनांना. त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा आणि शूद्रांना मोकळं करावं, अशी आशा त्यांनी तिथे व्यक्त केली. आता फुले काही अमेरिकेला गेले नव्हते. माझ्यासारखेच, ऐकीव माहितीवर. पुण्यात बसून त्यांनी त्या एवढ्या मोठ्या देशातून एक गोष्ट निवडून घेतली, जी त्यांना इथे हवी होती. १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली हे खरं. पण 'गुलामगिरी' छापून आल्यानंतर चारच वर्षांत, १८७७ मध्ये, दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि काळ्या माणसाला मिळालेले हक्क एकेक करून काढून घेतले जाऊ लागले. फुल्यांची अमेरिका खोटी नव्हती, अर्धी होती. उरलेली अर्धी शंभर वर्षांनी इथल्याच पोरांनी पाहिली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार. ज्या वर्षी माझी अम्मा अमेरिकेची मिलो थापत होती, त्याच वर्षी कामाठीपुऱ्यापासून वडाळ्यापर्यंतच्या तरुणांना अमेरिकेतला मार खाणारा माणूस आपला वाटत होता. दोघांनाही अमेरिकेचा पत्ता सारखाच ठाऊक नव्हता.

पण जाऊन, राहून, डोळे उघडे ठेवून लिहिणारी पहिली मोठी मराठी लेखिका म्हणजे पंडिता रमाबाई. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तो पदवीदानाचा समारंभ ११ मार्च १८८६ चा. रमाबाई त्याच्यासाठी इंग्लंडहून आल्या, लहान मुलीला घेऊन. यायचं होतं थोड्या दिवसांसाठी, राहिल्या पावणेतीन वर्षं. गावोगाव भाषणं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे केले, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिलं.

हे पुस्तक मी बी.ए.ला असताना ग्रंथालयात बसून वाचलं, आणि पहिल्यांदा वाटलं की अमेरिकेकडे असंही पाहता येतं. ही बाई दिपून जात नाही आणि नाकही मुरडत नाही. बायकांनी एकत्र येऊन संस्था काढाव्यात, सभा चालवाव्यात, हिशेब ठेवावेत, दारूबंदीसाठी देशभर चळवळ करावी, हे पाहून ती हरखते. कारण मुंबईत तिला तेच करायचं होतं. पण त्याच पुस्तकात ती काळ्या माणसाला मिळणारी वागणूक लिहिते, मूळच्या रहिवाशांच्या जमिनी कशा गेल्या ते लिहिते. तिचं कौतुक करणारेच लोक हे करत होते, आणि त्यांच्याच देणग्यांवर तिची शाळा उभी राहायची होती. तरी तिनं लिहिलं. मिलोची भाकरी खाताना अम्मा जे म्हणायची, त्याच जातीचं हे धाडस आहे असं मला वाटतं. घ्यायचं, आणि घेता घेता खरंही बोलायचं. ज्या बायकांच्या संघटनांचं तिला एवढं कौतुक, त्यांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला तो १९२० साली, रमाबाईंना जग सोडायला तेव्हा दोन वर्षंही उरली नव्हती.

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, हे आपण सर्व जाणतो. त्यावर बोलायला माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत.

मी येतो आमच्या इथल्या बागेतल्या बाकावर. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिका पाहून आलेला एक नवा वर्ग तयार झाला आहे, तो म्हणजे मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून आलेले आजी-आजोबा. पूर्वी ब्रीच कँडीला वकिलातीबाहेर उन्हात रांगा लागायच्या. २०११ पासून ती वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. रांग गेली नाही. मुलीचं बाळंतपण हे जाण्याचं मुख्य कारण. परत आले की पहिले पंधरा दिवस बाकावर त्यांचाच शब्द चालतो.

आमच्यातले एक निवृत्त गृहस्थ न्यू जर्सीहून आले. सांगत होते, पहिल्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तर रस्त्यावर माणूसच नाही. घरं आहेत, गाड्या आहेत, झाडं आहेत, माणूस नाही. समोरून एक बाई धावत आली आणि तिनं हसून विचारलं, 'हाऊ आर यू?' यांना भरून आलं. परक्या देशात कोणीतरी विचारतंय. यांनी गुडघ्याचं सांगायला सुरुवात केली, तोवर ती बाई पुढच्या वळणावर पोचली होती. मग कळलं की तो प्रश्न नाही, नमस्कार आहे. दुसरं, त्यांचा मुलगा, जो इथे पाण्याचा पेला उचलून ठेवत नसे, तो तिथे शनिवारी संडास धुतो, गवत कापतो, भांडी लावतो. "आणि चेहऱ्यावर काही नाही हो," हे सांगताना त्यांना आनंद झाला होता की दुःख, मला कळलं नाही. नात झाली तेव्हा शेजारची गोरी बाई केक भाजून घेऊन आली होती. दोन मिनिटं उभी राहिली, बाळाला पाहिलं, गेली. सहा महिन्यांत पुन्हा दिसली नाही. त्यांची दाढ तिथेच दुखायला लागली, तर खर्चाचा आकडा ऐकून त्यांनी दाढ तशीच धरून ठेवली आणि भांडुपला येऊन काढली.

याच बाकावर एकजण म्हणतो, माणुसकी नाही. दुसरा म्हणतो, माणुसकी आहे पण वेळ नाही. मला वाटतं, त्या बाईनं केक आणला हे खरं आणि पुन्हा आली नाही हेही खरं. आपल्याकडे शेजारीण दिवसातून चारदा येते, आणि मुलीचं लग्न का जमत नाही हेही विचारते. कुठलं बरं, हे ज्याच्या मुलीचं लग्न जमत नसेल त्यानं ठरवावं.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगत आलो, त्या माझ्या भाच्याकडे येतो. आपाचा मुलगा. त्याचं नाव सांगत नाही. नावाचीच गोष्ट आहे, पुढे कळेल.

२००४ साल. रात्री आठच्या सुमाराला कांजूर स्टेशनाबाहेर सुमो आणि क्वालिस गाड्यांची रांग लागायची. पवईतली कॉल सेंटरं तेव्हा भरात होती. भाचा बावीस वर्षांचा, बी.कॉम., इंग्रजी बरं. त्याला नोकरी लागली ती वसुलीची. अमेरिकन लोकांनी क्रेडिट कार्डावर केलेलं कर्ज थकलं की त्यांना इथून फोन करायचा आणि हप्ता मागायचा. महिनाभर शिकवणी झाली. जिभेचं वळण बदललं. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, बेसबॉलमध्ये काय म्हणजे काय, कुठलं राज्य कुठल्या घड्याळावर चालतं. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही. १९७७ चा त्यांचा कायदा आहे, सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, आणि ते आठ-नऊ समोरच्या माणसाच्या घड्याळातले. भिंतीवर चार घड्याळं. आपा म्हणायची, हा घरी असतो तेव्हाही याला इथली वेळ विचारावी तर दोन सेकंद लागतात.

आणि नाव बदललं. तो केविन झाला. सगळ्यांचीच बदलायची तेव्हा, यात वेगळं काही नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा कुळकर्णी मायकल होता. पण भाच्याला सांगणाऱ्यानं एक वाक्य जास्त सांगितलं, "तुझं तर बदलावंच लागेल." २००१ च्या ११ सप्टेंबरला तीनच वर्षं झाली होती.

ज्या अमेरिकनाला मी जन्मभर सावकार समजत आलो, तो माझ्या भाच्याच्या कानात कर्जदार होता. हे मला समजायला वेळ लागला. तो सकाळी यायचा, चहा पिता पिता सांगायचा. एकाची नोकरी गेलीये आणि घराचा हप्ता आहे. एकानं मुलाच्या कॉलेजसाठी कार्ड वापरलं. पुष्कळांची गोष्ट दवाखान्यापासून सुरू व्हायची. विमा नव्हता, किंवा होता पण त्यात ते दुखणं बसत नव्हतं. मी म्हणायचो, "एवढ्या श्रीमंत देशात?" तो म्हणायचा, "मामू, श्रीमंत लोकांना मी फोन करत नाही."

शिव्याही खायचा. त्याचा आवाज ऐकून लोक ओळखायचे. आमच्या नोकऱ्या खाल्ल्यात, म्हणायचे. एकजण म्हणाला, आपल्या देशात परत जा. भाचा हसून सांगत होता, "मामू, मी आपल्याच देशात बसलोय, तिथूनच फोन केलाय त्याला." पण एक गोष्ट तो नेहमी म्हणायचा. बहुतेक लोक खोटं बोलत नसत. पैसे नाहीत तर नाहीत म्हणायचे. किती देऊ शकतो ते सांगायचे आणि तेवढे द्यायचे.

त्यातलीच एक ओहायोतली बाई. वय सत्तरच्या पुढे. नवरा वारला, त्याच्या शेवटच्या आजारपणाचा खर्च कार्डावर चढला होता. ती एका दुकानात गल्ल्यावर उभी राहून काम करायची. महिना वीस डॉलर देते म्हणाली. भाच्यानं ते लिहून घेतलं. फोन ठेवताना ती म्हणाली, "केविन, तुझी आई तुला काय म्हणून हाक मारते?" भाचा सांगतो, रात्रीचे तीन वाजले होते, डोकं थकलेलं, तोंडातून खरं नाव निघून गेलं. पलीकडे शांतता. त्याला वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, "पुन्हा सांग, सावकाश." त्यानं अक्षरं सांगितली, तिनं लिहून घेतली. पुढच्या महिन्यापासून फोन लागला की ती त्याला त्याच्या नावानं बोलायची. उच्चार चुकायचा, पण नाव त्याचं. ते फोन ध्वनिमुद्रित होत असत. तपासणीत ते सापडलं, आणि त्या महिन्याचे त्याचे गुण कापले गेले. कामाच्या ठिकाणी खरं नाव सांगितलं म्हणून.

याच दिवसांतली माझी गोष्ट. २००३ च्या मार्चमध्ये अमेरिकेनं इराकवर हल्ला केला, तेव्हा मी एक कविता लिहिली होती. त्यात अमेरिका हा एक पशू होता. कविता बरी होती, टाळ्या घ्यायची. २००५ साली मुलुंडला एका कविसंमेलनात मी ती म्हटली. भाच्याची त्या दिवशी सुट्टी होती, तो आला होता. परतताना स्टेशनवर वडापाव खाता खाता म्हणाला, "मामू, ती कविता ओहायोवाल्या बाईला लागू होते का?"

मी म्हटलं, कविता सरकारवर आहे.

"पण तुम्ही सरकार म्हणत नाही. अमेरिका म्हणता."

मी म्हटलं, तिच्याच करांवर बॉम्ब पडतात. तो म्हणाला, तिच्याकडे कर भरण्याइतकं उरतं कुठे. मी चिडलो. बगदादमधल्या मेलेल्या पोरांचं काय, हा प्रश्न माझ्याकडे होता आणि आजही आहे, तो मी सोडलेला नाही. पण मला हेही ठाऊक होतं की युद्धाच्या महिनाभर आधी, १५ फेब्रुवारी २००३ ला, न्यूयॉर्कच्या थंडीत प्रचंड संख्येनं माणसं युद्ध नको म्हणून रस्त्यावर आली होती. मी ते वर्तमानपत्रात वाचलं होतं. कवितेत त्यांना जागा नव्हती.

आणि एक गोष्ट भाच्यानं बोलून दाखवली नाही, ती मीच मनात बोललो. त्याच वर्षी मी पवईच्या बाजूला भाड्यानं जागा पाहत होतो. फोनवर सगळं ठरायचं, मराठी ऐकून लोक खूश व्हायचे, आणि नाव सांगितलं की जागा आधीच गेलेली असायची. एका नावावरून कोट्यवधी माणसांबद्दल मत बनवणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरी तीस कोटी माणसांना मी एका शब्दात कोंबलं होतं, आणि टाळ्या घेत होतो. ती कविता पुढे माझ्या संग्रहात आली. शब्द बदलला नाही, कारण तेव्हा राग खराच होता. पण संमेलनात म्हणणं बंद केलं. कोणी फर्माईश केली तर विसरलो म्हणून सांगतो.

२००८ च्या सप्टेंबरात लेहमन बँक बुडाली, आणि त्याची लाट कांजूर स्टेशनाबाहेरच्या गाड्यांपर्यंत आली. गाड्या कमी झाल्या. भाच्याचं काम बंद पडलं. ओहायोच्या बाईचे हप्ते तेव्हा संपत आले होते. ते पुरे झाले की नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याच्या खात्यातून तिचं खातं निघून गेलं.

आता तो चाळिशी ओलांडून गेलाय. वसुलीतच आहे, पण देशी. फोन, फ्रिज, मोटारसायकल, मुलाची फी, लग्नाचा हॉल, सगळं आता इथेही हप्त्यावर मिळतं, आणि थकतं. तो हिंदीत, मराठीत फोन करतो. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे, सकाळी आठच्या आधी नाही आणि संध्याकाळी सातनंतर नाही. मी विचारलं, "तिकडचे आणि इकडचे, फरक काय?" म्हणाला, "इकडचे मयतीला आलोय म्हणून सांगतात. एकाच माणसाची आजी चारदा वारली." मग थोडं थांबून म्हणाला, "पण इकडे घाबरतात जास्त. तिकडचा माणूस मला नाही म्हणू शकत होता." आता तो स्वतःच्या नावानं फोन करतो. ते ऐकून कधी कधी कोणी म्हणतं, दुसऱ्या कोणाला द्या फोन. तो देतो.

त्याची मुलगी यंदा इंजिनिअरिंगला गेली. पुढे शिकायला अमेरिकेला जाईन म्हणते. ईदला सगळे आपाकडे जमलो होतो, तेव्हा तिनं मला विचारलं, तिथले लोक कसे असतात. मी फुल्यांपासून सुरुवात करणार होतो. माझी पत्नी म्हणाली, तिला तिच्या अब्बाला विचारू दे, तो चार वर्षं रोज रात्री तिथेच होता.

भाच्यानं शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली, बराच विचार केला आणि मुलीला म्हणाला, "सकाळी आठच्या आधी कोणाला फोन करू नकोस."